तिसरे चाक आणि बैलाची मान



गळीत हंगाम जवळ आला, की गाड्यांचे करार, टायरांची खरेदी आणि बैलांचा बाजार या गोष्टी सुरू होतात. ट्रॅक्टर आले, ऊसतोडणीची यंत्रे आली, तरी जवळच्या शिवारातला ऊस ओढायला बैलगाडी अजून हटलेली नाही. ओल्या रानात, अरुंद पाणंदीत आणि दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यात ती जाते, तिथे दुसरे वाहन जात नाही. त्यामुळे बैलगाडीचा विचार म्हणजे जुन्या काळाचे गाणे नव्हे, तो आपल्या या हंगामाचाच विचार आहे.

अलीकडे पारावर, सोसायटीत, गाडीतळावर एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. "काय हो, ते जुवाखाली बसवायचं तिसरं चाक आपल्याकडं कधी येणार?" काहीजण म्हणतात, कारखान्याने सगळ्या गाड्यांना ते ताबडतोब बसवून द्यावे. काहीजण म्हणतात, हे सगळे फोटोपुरते आहे, बैल ते बैल आणि गाडी ती गाडी. माझ्या मते दोन्ही बाजूंनी घाई चालली आहे. चाक बसवण्याआधी ते कुठे बसते, किती भार घेते आणि काय घेत नाही, हे आपण सभासदांनीच नीट समजून घेतले पाहिजे. पैसा आपला आणि ऊसही आपलाच आहे. बैल मात्र दुसऱ्याचा आहे, म्हणून जबाबदारी जास्त.

प्रथम हे चाक आले कुठून ते पाहू. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात राजारामनगर येथे राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनी ऊस वाहणाऱ्या बैलांच्या मानेवरचे ओझे कमी व्हावे म्हणून दोन बैलांच्या मध्ये, जुवाला आधार देणारे एक चाक तयार केले. त्याला त्यांनी 'सारथी' असे नाव दिले. जुलै २०२२ मध्ये त्याचे चित्र मोबाईलवरून देशभर फिरले. आपल्याच ऊसपट्ट्यातल्या पोरांनी आपल्याच रस्त्यावरचा प्रश्न हाती घेतला, याचे कौतुक केलेच पाहिजे. बैलगाडी सुधारण्याचा विषय तसा नवा नाही. बंगलोरच्या व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकापासून हा विषय देशापुढे मांडला. लाकडी चाक आणि लोखंडी धाव जाऊन हवेचे टायर आले, बेअरिंग आले. ओढ हलकी झाली. पण जू होते तिथेच राहिले, आणि मानही तिथेच राहिली.

आता साधा हिशेब करू. दोन चाकांची गाडी म्हणजे तराजूच आहे. कणा हा तराजूचा काटा. भाराचा मध्य बरोबर कण्यावर असेल, तर जुवावर काहीच वजन येत नाही. तो कण्याच्या पुढे असेल, तर जू खाली दाबले जाते. मागे गेला, तर गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि जोत्यांनी बैलांचा गळा आवळतो.

समजा, साटा आणि ऊस मिळून २५०० किलो भार आहे. त्याचा मध्य कण्याच्या पुढे २० सेंटीमीटर, म्हणजे वीतभरच आहे. कण्यापासून जू ३ मीटर पुढे आहे. तर जुवावर येणारे वजन २५०० गुणिले २० भागिले ३००, म्हणजे सुमारे १६७ किलो. दोन बैलांत वाटले तर प्रत्येकाच्या मानेवर ८३ किलो. आता गाडी भरताना मोळ्या आणखी वीतभर पुढे सरकल्या, की हेच ओझे दुप्पट होते. प्रत्येक मानेवर १६७ किलो! उसाचा एक कांडकाही वाढलेला नाही, काट्यावर वजन तेवढेच भरणार आहे, गाडीवानाला पैसेही तेवढेच मिळणार आहेत. फक्त मोळी वीतभर पुढे पडली.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की तिसऱ्या चाकाच्या आधी पहिली दोन चाके जागेवर आहेत का ते पाहा. साट्याखाली कणा कुठे जोडला आहे, गाडी भरताना मोळ्या कुठून रचायला सुरुवात केली, हे बघायला एक पैसा लागत नाही. साट्याच्या बाजूला कण्याच्या वर रंगाची एक रेघ मारली आणि भार या रेघेच्या किंचितच पुढे राहील असे भरले, तरी अर्धे काम होते. किंचित पुढे का, तर चढाला भाराचा मध्य मागे जातो आणि उताराला पुढे येतो. उसाची रास उंच असते. भाराचा मध्य कण्यापासून मीटरभर उंच असेल आणि दहाला एक असा चढ-उतार असेल, तर हा मध्य १० सेंटीमीटर सरकतो. वरच्या उदाहरणातले १६७ किलो चढाला ८३ होतात आणि उताराला २५० होतात. भार अगदी कण्यावर तोलला, तर चढाला गाडी उलाळ होणार. म्हणजे थोडे ओझे मानेवर ठेवावेच लागते. जाणत्या गाडीवानाला हे आकडे न मांडताही कळते. पण रात्री दोनला, थंडीत, बॅटरीच्या उजेडात गाडी भरताना कोण जाणता राहतो?

दुसरा मुद्दा, चाक कुठे बसवायचे. आपल्या गावातले वेल्डिंगवाले हुशार आहेत. फोटो बघून आठ दिवसांत ते तिसरे चाक करून देतील. पण जागा बदलली की भार बदलतो. चाक थेट जुवाखाली, कण्यापासून ३ मीटरवर असेल, तर सगळे पुढचे ओझे उचलायला त्याला १६७ किलो पेलावे लागतात. तेच चाक दांडीच्या मध्यावर, दीड मीटरवर बसवले, तर ३३३ किलो. साट्याच्या तोंडाशी, मीटरभर पुढे बसवले, तर ५०० किलो. बैलांच्या पायात येत नाही म्हणून चाक मागे घ्यावेसे वाटते, पण जितके मागे घ्याल तितके चाक, चिमटा आणि बेअरिंग भक्कम लागेल, आणि तितके ते मऊ जमिनीत रुतेल. जुवाखालचे चाक हलके चालते, मात्र ते दोन बैलांच्या बरोबर मधोमध आणि अरुंद हवे. नाहीतर मान वाचवायला गेलो आणि पाय सोलून बसलो, असे व्हायचे.

तिसरा मुद्दा, चाक वळणारे हवे. यासाठी लांब जायला नको, आपल्या गोदामातली ढकलगाडी बघा. तिला दोन चाके पक्की असतात आणि दोन फिरती, ज्यांना कामगार कॅस्टर म्हणतात. फिरते चाक त्याच्या उभ्या खिळ्याच्या सरळ खाली नसते, थोडे मागे असते. म्हणूनच गाडी जिकडे ओढाल तिकडे ते मागोमाग वळते. हे अंतर ठेवले नाही, तर चाक भरकटते, थरथरते. अंतर ठेवले तरी एक गोष्ट उरतेच. गाडी मागे घेताना हे चाक गर्रकन उलटे फिरते आणि त्या वेळी बाजूला झोक देते. गोदामात तो झोक माणसाच्या मनगटाला लागतो. गाडीतळावर तो जुवाला, म्हणजे बैलाच्या मानेला लागेल. त्यामुळे तळावर गाडी मागे घेण्याची वेळ कमीत कमी यावी, अशी वाट आखावी लागेल.

ढकलगाडीची गोष्ट निघाली म्हणून एक जोड-मुद्दा. पन्नास किलोची वीस पोती म्हणजे १००० किलो, गाडीचे स्वतःचे २०० धरले तर १२००. चार चाके आहेत म्हणून प्रत्येकी ३०० किलोचे चाक आणले, तर फसगत होते. फरशी कुठेच सपाट नसते. एक चाक अधांतरी राहते आणि तीनच चाके भार पेलतात. म्हणून हिशेब तिनाने करावा, ४०० किलोचे चाक घ्यावे. फिरती चाके ढकलणाऱ्याच्या बाजूला आणि पक्की चाके पुढे ठेवली, तर भरलेली गाडी माणसाच्या ताब्यात राहते. चारही फिरती केली, तर ती कुठेही वळते खरी, पण सरळ चालत नाही. खरेदी समितीने फक्त दर न बघता हेही बघावे, इतकेच सुचवतो.

चौथा मुद्दा, चाकाचा आकार. स्वस्तात मिळते म्हणून ढकलगाडीचेच छोटे चाक जुवाखाली लावण्याचा मोह होईल. तो टाळावा. रस्त्यात ५ सेंटीमीटर उंचीचा दगड आहे आणि गाडी त्याला टेकून थांबली आहे असे समजा. २० सेंटीमीटर व्यासाचे चाक त्या दगडावर चढवायला, चाकावर जितका भार असेल त्याच्या पावणेदोन पट जोर आडवा लावावा लागतो. चाक ६० सेंटीमीटर व्यासाचे असेल, तर भाराच्या दोन-तृतीयांश जोरात ते चढते. म्हणजे १६७ किलोच्या भाराला एकीकडे जवळजवळ २९० किलो आणि दुसरीकडे ११० किलो. हा जोर कोण लावणार? बैलच लावणार. मान सुटली आणि छाती फुटली, तर त्यात काय मिळवले?

मऊ जमिनीत चाक कसे वागते, हे मला कारखान्यावर नव्हे तर कोकणात कळले. आमचे मूळ गाव मुरुड, दापोली तालुक्यातले. रत्नागिरी जिल्ह्यात साखर कारखाना नाही, पण बैलगाडीची कसोटी तिथेही लागते. मुरुडला लागूनच हर्णै बंदर आहे. तिथे पुष्कळ वर्षे होड्यांतली मासळी बैलगाड्यांनी काठावर आणण्याची रीत चालत आली. गाडी सरळ समुद्राच्या पाण्यात घालायची, मासळी भरायची आणि ओल्या वाळूतून वर काढायची. आपल्यापैकी कितीतरी मंडळी कारखान्याचा पट्टा पडल्यावर मुलाबाळांना घेऊन मुरुड-हर्णैला जातात. पुन्हा गेलात, तर किनाऱ्यावर एक गोष्ट मुद्दाम बघा. ओहोटीनंतरच्या घट्ट, ओल्या वाळूवर सायकलसुद्धा नीट चालते. पण तीच सायकल वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत आणली, की चाक रुतते. रुंद टायर तरंगतो, अरुंद चाक वाळू चिरत खाली जाते. आपल्या पाणी दिलेल्या उसाच्या सरीची गोष्ट अगदी हीच आहे. सडकेवर गुणी वाटणारे अरुंद तिसरे चाक फडात नांगराचे काम करील. म्हणून फडातून सडकेपर्यंत हे चाक वर उचलून अडकवता आले पाहिजे, आणि सडकेला लागल्यावर खाली सोडता आले पाहिजे.

पाचवा मुद्दा, चाकाला स्प्रिंग आणि उंची कमी-जास्त करण्याची सोय. ताठ, न दबणारे चाक उंचवट्यावर चढले, की ते जू वर उचलते आणि जोती गळ्याला लागतात. खड्ड्यात गेले, की अधांतरी लोंबते, आणि जे ओझे इतका वेळ मानेवर नव्हते ते एकदम धाडकन मानेवर येते. सततच्या ओझ्यापेक्षा असा अवचित दणका वाईट. शिवाय प्रत्येक जोडीची उंची वेगळी. खिलार जोडीला बसवलेले चाक ठेंगण्या जोडीला तसेच लावले, तर ते आधार देण्याऐवजी जू लटकवून ठेवील.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. तिसरे चाक मानेवरचे ओझे घेते, ओढ घेत नाही. ही गोष्ट ठळक अक्षरांत गाडीतळावर लिहून ठेवावी, असे मला वाटते. वीसाला एक असा साधा चढ असला, तरी २५०० किलोची गाडी वर न्यायला, एरवीची ओढ सोडून, १२५ किलोची जादा ओढ लागते. चाके दोन असोत की तीन, ती ओढ बैलांनीच द्यायची. उतारावर गाडी अंगावर येते, तेव्हाही तिसरे चाक तिला आवरत नाही, कारण त्याला ब्रेक नाही. पण मानेवर जू टेकत नाही म्हटल्यावर माणसाच्या मनात काय येते? "बैलाला आता काय जड नाही, टाका आणखी दहा मोळ्या." मजुरी टनावर आहे, उचल फेडायची आहे, मग गाडीवान असे म्हणणारच. त्याला दोष देऊन उपयोग नाही. गाडी जास्त भरली की आपलाही ऊस लवकर जातो, म्हणून आपणही काही बोलत नाही. असे झाले, तर दयेपोटी आणलेले चाक बैलाच्या मुळावर उठेल.

कायदा याबाबत गप्प नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे, आणि ओझे ओढणाऱ्या व वाहणाऱ्या जनावरांचे नियम १९६५ चे आहेत. त्यात बैलाचा आकार आणि गाडीच्या चाकाचा प्रकार बघून भाराची मर्यादा घातलेली आहे. किलोमीटरभर सलग चढ असेल आणि तो तीस मीटरला तीन मीटरपेक्षा जास्त असेल, तर भार निम्मा करायचा आहे. दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात जुंपायचे नाही. आपल्या गाडीतळावर हे किती पाळले जाते, ते ज्याने त्याने मनाशी विचारावे. तिसरे चाक बसवल्याने या मर्यादा वाढत नाहीत.

मग चाक नकोच का? तसे मुळीच नाही. एक फायदा तर असा आहे, की तेवढ्यासाठीसुद्धा ते हवे. गाडीतळावर नंबर लागेपर्यंत भरलेल्या गाड्या तासन् तास उभ्या असतात. पुष्कळदा बैल जुंपलेलेच असतात. चालताना ओझे निदान हलते तरी. उभ्या बैलाच्या मानेवर ते एकाच जागी रुतून बसते, आणि खांदेसूज वाढायला हेही एक कारण होते. तिसरे चाक असले, तर बैल सोडून गाडी तशीच उभी ठेवता येईल, बैलांना पाणी आणि वाडे मिळेल. चाकांना दगड लावायला मात्र विसरू नये.

माझी सूचना अशी आहे. येत्या हंगामात एकदम सगळ्या गाड्यांना नको, दहा-पंधरा गाड्यांना हे चाक बसवावे. त्यात सडकेच्या वाटेच्या, चढाच्या वाटेच्या आणि काळ्या रानाच्या अशा तिन्ही प्रकारच्या गाड्या असाव्यात. आपल्या वर्कशॉपने महाविद्यालयाच्या मंडळींशी बोलून चाक मोठे, स्प्रिंगचे, वळणारे आणि उचलता येणारे घ्यावे. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी हंगामाच्या आधी, मध्ये आणि शेवटी बैलांच्या माना तपासून नोंद ठेवावी. गाडीवानाला काय वाटते ते त्याच्या तोंडून लिहून घ्यावे, कारण हांक मारणारा तोच असतो. या गाड्यांना ठरलेल्या भारापेक्षा जास्त भरू देऊ नये, आणि जास्त भरलेली गाडी काट्यावर आली, तर गाडीवानाची मजुरी कापण्याऐवजी फड भरून देणाऱ्या सगळ्यांना, आपणा सभासदांनाही, जाब विचारावा. हंगाम संपल्यावर जे दिसेल ते याच पत्रिकेत छापावे, चांगले असो की वाईट.

खर्च कोणी करायचा? गाडीवानाच्या माथी तो मारू नये. तो आधीच उचल घेऊन आला आहे. बैल त्याचा असला, तरी त्याच्या मानेवर ऊस आपला आहे. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात टनाला एक रुपया बाजूला काढला, तर पाच लाख रुपये उभे राहतात. थोड्या थोड्या पैशाने मोठे काम होते, हे सहकारात वाढलेल्यांना नव्याने सांगायला नको. मुरुडचे नाव ज्यांच्यामुळे देशभर गेले, त्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांनीही गावच्या कामासाठी गावकऱ्यांच्या लहान लहान वर्गण्यांतून 'मुरुड फंड' उभा केला होता. त्यांच्याजवळ ना कारखाना होता, ना काटा. आपल्याजवळ दोन्ही आहे.

वार्षिक सभेत दरावर बोलणारे पुष्कळ असतात आणि ते बोललेच पाहिजे. या वेळी कोणीतरी उठून गाडीच्या कण्यावर, चाकावर आणि भाराच्या मर्यादेवरही ठराव मांडावा. चाक आणि मर्यादा हे दोन्ही एकाच ठरावात असावे. नुसते चाक मंजूर झाले, तर मी त्याच्या विरुद्ध हात वर करीन.